संगणकांची जाळी : एक वाट की दोन वाटा?



ग्रामपंचायतीत दाखला आणायला गेलेला माणूस हल्ली पुष्कळदा एकच वाक्य ऐकून परत फिरतो : ‘‘आज नेट नाही.’’ रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवला जातो, पण पुढे काही घडत नाही. शाळेत गुरुजी मुलांची माहिती भरायला बसतात आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. वीज गेली तर आपण विचारतो, ‘‘आपलीच गेली की साऱ्या गावाची? डी.पी. उडाली की तार तुटली?’’ पाणी आले नाही तर टाकी, पाइप, नळ असा माग काढत जातो. नेट गेले म्हणजे मात्र आपण आभाळाकडे बघतो. जणू काही ती वरून पडणारी गोष्ट आहे!

खरे म्हणजे नेट बहुतांशी जमिनीतून येते. रस्त्याच्या कडेला खणलेल्या चरातून येते, पुलाला बांधलेल्या नळीतून येते, कुठे खांबांवरूनही येते. त्याला तारा आहेत, पेट्या आहेत, सांधे आहेत. ह्या तारा एकमेकींना कशा जोडल्या आहेत, ह्यावर एक तार तुटली तर एकच घर गप्प होणार की सारा तालुका गप्प होणार, हे ठरते. ह्या जोडणीच्या आकाराला आपण ‘मांडणी’ म्हणू. इंग्रजीत टोपॉलॉजी असा जड शब्द आहे, पण त्याला भिण्याचे कारण नाही. मुख्य मांडण्या मोजून पाच आहेत, आणि त्या साऱ्या आपल्या पाहण्यातल्या आहेत.

आधी रस्त्यांकडे बघा. रोहा तालुक्यातले नागोठणे हे आंबा नदीच्या काठचे गाव. नागोठण्याहून कोलाडला जायचे, तर सरळ मुंबई–गोवा महामार्गाने वाकण, सुकेळी खिंड, खांब असे जाता येते. समजा, सुकेळी खिंडीत एखादा मालट्रक आडवा झाला आणि वाहतूक खोळंबली. मग माहितगार माणूस काय करतो? तो भिसे खिंडीच्या वाटेने रोह्याला उतरतो आणि रोह्याहून कोलाड गाठतो. वेळ जास्त लागतो, पण माणूस पोचतो. आता डोंगराच्या कुशीतली एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. तिला एकच पायवाट, आणि त्या वाटेवर एकच साकव. आषाढात साकवावरून पाणी गेले की वाडी तुटली.

नागोठण्याला वाट आहे आणि वाडीलाही वाट आहे. वाडीची वाट उद्या डांबरी केली, तरी साकव बुडाल्यावर ती तुटणारच. म्हणजे फरक वाटेच्या बऱ्यावाईटपणात नाही, फरक मांडणीत आहे. संगणकांच्या जाळ्यात हाच हिशेब चालतो.

पहिली मांडणी सरळ तारेची. एक लांब तार टाकायची आणि वाटेत जो येईल त्याला तिला जोडून घ्यायचे. तारायंत्राच्या काळी ही पद्धत रूढ होती. एकाच तारेवर अनेक तारकचेऱ्या जोडलेल्या असत. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ही मांडणी तिच्यामागे उरली. इंग्रजीत हिला ‘बस’ म्हणतात. गंमत अशी की ही बस आणि आपली एस.टी.ची बस एकाच लॅटिन शब्दातून, ‘ऑम्निबस’मधून, आलेल्या आहेत. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. गाडीही सर्वांची आणि तारही सर्वांची.

१९७३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी ‘इथरनेट’ नावाच्या जाळ्याची कल्पना मांडली. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये इमारतीभर एक तार फिरवलेली असे आणि सारे संगणक तिला जोडलेले असत. हे चाले कसे? एखाद्या आळीत कोणी मोठ्याने हाक मारली, ‘‘अहो सदूभाऊ!’’ तर ती साऱ्या घरांना ऐकू जाते, पण ओ देतात सदूभाऊच. इथेही तसेच. प्रत्येक निरोपावर पत्ता असतो. ऐकतात सगळे, उचलतो ज्याचा तो. दोघे एकदम बोलले तर गलका होतो. मग दोघेही गप्प बसतात, आणि प्रत्येकजण मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलतो. दोघांचे थांबणे सहसा सारखे पडत नाही, म्हणून पुढच्या खेपेस टक्कर टळते.

ह्या मांडणीला तार थोडी लागते, हा तिचा गुण. दोष असा की तार कुठेही तुटली तरी सारे जाळे बंद पडते. तुम्ही म्हणाल, मधोमध तुटली तर अलीकडच्यांनी आपापसांत बोलायला काय हरकत आहे? हरकत आहे. तारेच्या दोन्ही टोकांना एक छोटे बूच बसवलेले असते. तारेतून आलेली विजेची लाट ते जिरवून टाकते. तार तुटली की उघडे टोक तयार होते आणि धक्क्यावर आपटलेल्या लाटेसारखी विजेची लाट उलट फिरते. त्या उलट्या लाटांच्या गोंधळात कोणाचेच बोलणे कोणाला कळत नाही. शिवाय तूट नेमकी कुठे आहे, हे शोधताना साऱ्या इमारतीची तार हाताखालून घालावी लागे. ह्या कटकटीमुळे कचेऱ्यांतून आणि शाळांतून ही पद्धत मागे पडली.

तिची जागा घेतली चांदणीने. मधोमध एक पेटी आणि तिच्यापासून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार, अशी ही दुसरी मांडणी. पेटीला ‘स्विच’ म्हणतात. टेलिफोन एक्सचेंजपासून घरोघर गेलेल्या तारा ही चांदणीच होती. चांदणीत एक तार उंदराने कुरतडली, तर एकच संगणक बंद पडतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. दोष शोधणेही सोपे, कारण पेटीवरचा ज्या तारेचा दिवा विझला, ती तार बिघडली. म्हणून आज जवळजवळ प्रत्येक शाळेच्या संगणक खोलीत हीच मांडणी दिसते. घरातले वायफाय हीसुद्धा चांदणीच आहे, फक्त तिच्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत.

चांदणीचा धोका मध्यभागी असतो. पेटी बंद पडली की सगळे बंद. मोबाइलचे बघा. मनोरा मध्ये आणि गावातले सारे फोन त्याच्या भोवती, ही मोठी चांदणीच झाली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब कोसळले, मनोऱ्यांची वीज गेली, आणि श्रीवर्धन, मुरुड भागातल्या अनेक गावांत फोन दिवसच्या दिवस मुके झाले. लोकांच्या हातातले फोन धड होते, पण चांदणीचा मध्य विझला होता. मुंबईत असलेल्या मुलाला आईबाप सुखरूप आहेत की नाहीत हे कळेना. मांडणी हा विषय नुसता यंत्राचा नाही, तो ह्यासाठी.

तिसरी मांडणी कड्याची. बायका फुगडीचा फेर धरतात तशी. प्रत्येकीचा एक हात एका शेजारणीच्या हातात, दुसरा दुसरीच्या. इंग्रजीत हिला ‘रिंग’ म्हणतात. १९८५ साली आय.बी.एम. कंपनीने ‘टोकन रिंग’ नावाचे असे जाळे बाजारात आणले. ‘टोकन’ हा शब्द रेल्वेतल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, म्हणून चालकाला स्टेशनमास्तरकडून धातूचे टोकन घ्यावे लागे. टोकन हाती नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही, असा कडक नियम. संगणकांच्या कड्यातही अशीच एक चिठ्ठी फिरत असे. ज्याच्या हाती चिठ्ठी त्याने बोलावे, आणि मग ती पुढच्याला द्यावी. आळीतल्यासारखा गलका इथे होत नसे.

पण नुसते एका दिशेने फिरणारे कडे कुठेही तुटले तर थांबते. खरी किमया आहे ती दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या कड्याची. एका बाजूने तार तुटली की निरोप मागे वळतो आणि उलट्या बाजूने फिरून पोचतो. सुकेळी खिंड बंद, तर भिसे खिंडीने रोहा, तसेच हे. टेलिफोनच्या मोठ्या मार्गांवर अशी फायबरची कडी वापरात आली, तेव्हा हा वळसा ५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागात, घेतला गेला पाहिजे असे मान ठरले. पापणी लवायला ह्याहून अधिक वेळ लागतो. बोलणाऱ्याला वाटेत तार तुटली हे कळतसुद्धा नाही.

चौथी मांडणी झाडाची. मुळापासून बुंधा, बुंध्यापासून फांद्या, फांद्यांपासून डहाळ्या. आपल्या गावोगावच्या नळपाणी योजना अशाच असतात. जाळ्यातही जिल्ह्यापासून तालुका, तालुक्यापासून ग्रामपंचायत आणि ग्रामपंचायतीपासून शाळा, दवाखाना असे फाटे फुटतात. झाड वाढवायला सोपे. नवी वाडी आली, जवळच्या फांदीला नवी डहाळी जोडली की झाले. पण डहाळी मोडली तर एक पान जाते, आणि बुंध्याशी घाव बसला तर वरचा सारा पसारा वाळतो. म्हणून झाडाच्या मांडणीत ‘कुठे तुटले’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्या शाळेचे नेट गेले, तेव्हा शेजारच्या गावाचे चालू आहे का, तालुक्याचे चालू आहे का, एवढे दोन फोन करून विचारले, तरी घाव कुठे बसला आहे ह्याचा पुष्कळसा अंदाज येतो.

पाचवी मांडणी जाळीची. कोळ्याचे जाळे आठवा. एक गाठ सुटली, दोन दोरे तुटले, तरी जाळे विस्कटत नाही, कारण प्रत्येक गाठ अनेक गाठींना धरून असते. पॉल बॅरन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली ह्यावर सविस्तर लेखमाला प्रसिद्ध केली. युद्धात निम्मी ठाणी उद्ध्वस्त झाली तरी उरलेल्यांना एकमेकांशी बोलता यावे, अशी मांडणी तो शोधत होता. त्याच्या हिशेबात असे आले की, साऱ्या ठाण्यांना जोडायला कमीत कमी जितक्या तारा लागतात, त्याच्या तिप्पट-चौपट तारा टाकल्या की जाळे आश्चर्यकारक चिवट बनते. सर्वांनी सर्वांना जोडण्याची गरज पडत नाही. आजचे जागतिक इंटरनेट अशाच अर्ध्यामुर्ध्या जाळीसारखे आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन मोठ्या केबली निकामी झाल्या. भारतातले इंटरनेट खूप मंदावले, पण बंद पडले नाही. पश्चिमेकडची वाट अडली, तेव्हा बरीचशी वाहतूक पूर्वेकडून फिरवता आली.

मग सगळीकडे जाळीच का टाकत नाहीत? उत्तर साध्या अंकगणितात आहे, आणि गुरुजींनी ते फळ्यावर मांडून दाखवण्याजोगे आहे. दहा गावे घ्या. ती एका ओळीत जोडायला ९ तारा लागतात. कडे करायला १०. आणि प्रत्येक गाव प्रत्येक गावाला जोडायचे, तर दहा गावांपैकी प्रत्येकाच्या नऊ तारा, म्हणजे ९०. पण प्रत्येक तार दोनदा मोजली गेली, म्हणून निम्म्या, ४५. वीस गावे झाली तर ओळीला १९, कड्याला २० आणि पूर्ण जाळीला १९०. गावे दुप्पट झाली, तर जाळीच्या तारा चौपटीहून अधिक झाल्या. हा खर्च कोण सोसणार?

पण ह्याच आकड्यांत एक दुसरी गोष्ट दडलेली आहे. ९ आणि १० ह्यांकडे पुन्हा पाहा. ओळ आणि कडे ह्यांत फरक फक्त एका तारेचा! ओळीतले शेवटचे गाव पुन्हा पहिल्याशी जोडले की ओळीचे कडे झाले. ती एक जादा तार लांब असेल, खर्चाची असेल. पण तिच्यामुळे प्रत्येक गावाला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. ओळीत तालुक्याजवळची तार तुटली तर पुढची सारी गावे गप्प होतात. कड्यात तीच तार तुटली तर एकही गाव गप्प होत नाही. आजच्या भाषणातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

हा हिशेब केवळ पुस्तकी नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींना फायबर केबलने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे २०१५ च्या सुमारास तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले, आणि २०१७ च्या डिसेंबरपर्यंत पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतू; त्यातून निरोप प्रकाशाच्या रूपाने धावतो. पण मांडणी होती मुख्यतः झाडाची आणि सरळ रेषेची : तालुक्यापासून निघालेली केबल पुढे पुढे जात राहायची, उलट फिरून येणारी दुसरी वाट नाही. परिणाम आपल्या ओळखीचा आहे. तालुक्याजवळ घाव बसला की पुढची गावे एकदम अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या योजनेचा सुधारलेला आराखडा मंजूर केला. त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि त्यातला एक प्रमुख मुद्दा असा की, देशातल्या २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती कड्याच्या मांडणीने जोडायच्या. म्हणजे आधीच्या सरळ रेषांची कडी करायची. मांडणी बदलण्यासाठी एवढा मोठा देश एवढा पैसा बाजूला काढतो, ह्यावरून आकाराचे मोल ध्यानात यावे.

मात्र कागदावर कडे आखले म्हणजे जमिनीत कडे झाले, असे नव्हे. इथे एक फसवी गोष्ट आहे, आणि ती गावच्या माणसालाच चटकन दिसू शकते. समजा, कड्याचे दोन्ही हात एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेले. नकाशात दोन रेघा सुरेख दिसतील, पण जे.सी.बी.चा एक फावडा दोन्ही तारा एकदम तोडील. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून सुरू झाले आणि वर्षानुवर्षे चालले. रस्त्याचे असे काम जिथे चालते, तिथे कडेच्या चरातल्या केबलीला धोका असतोच. वाट दोन असाव्यात, पण त्या खरोखर दोन असाव्यात. कोलाडकडे कडे न्यायचे झाले, तर एक हात सुकेळीच्या बाजूने आणि दुसरा भिसे खिंड–रोह्याच्या बाजूने गेला, तर ते खरे कडे.

पुलांचेही तसेच. केबल नदी ओलांडते ती बहुधा पुलाच्या आधाराने. नागोठण्याला आंबेवर निजामशाहीच्या काळातला जुना दगडी पूल आहे. चांगले बांधकाम शतकानुशतके टिकते, ह्याची ती साक्ष आहे. पण सगळ्याच पुलांचे नशीब तसे नसते. जुलै १९८९ मध्ये आंबेच्या महापुराने जांभूळपाडा आणि नागोठणे परिसरात काय हाहाकार केला, हे जुन्या माणसांना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि कित्येक माणसे गेली. नदी ओलांडण्याची जागा हा कुठल्याही जाळ्यातला नाजूक सांधा असतो. कड्याचे दोन्ही हात एकाच पुलावरून नेले असतील, तर पुरापुढे ते कडे नव्हे, सरळ रेषाच.

तुटलेला फायबर कसा शोधतात, हेही थोडक्यात सांगतो. सारा चर उकरावा लागत नाही. एका टोकाने तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतात. तूट आहे तिथून त्याचा थोडा अंश परत फिरतो. दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी किती वेळाने आला, त्यावरून समोरचा कडा किती दूर हे ताडावे, तसे ते यंत्र तूट किती अंतरावर आहे हे सांगते. मग तिथे खणून काचेचे दोन तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून सांधतात. काम नाजूक, धो धो पावसात आणि चिखलात ते रखडते. दुसरी वाट हाताशी असण्याचे मोल अशा वेळी कळते.

आता शाळेच्या खोलीत येऊ. तिथली मांडणी गुरुजींच्याच हाती असते. स्विचपासून प्रत्येक संगणकाला वेगळी तार न्या. एकाला जोडून दुसरा, दुसऱ्याला जोडून तिसरा अशी पेट्यांची लांब साखळी करू नका. नेहमीच्या तांब्याच्या केबलीला सुमारे १०० मीटरची मर्यादा असते, त्यापलीकडे निरोप क्षीण होतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा. पाच मिनिटांचे काम, पण पुढे तास तास वाचतो. आणि मधली पेटी भिंतीवर उंच बसवा. नागोठण्यासारख्या ठिकाणी, जिथे आंबेचे पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते, तिथे पेटी जमिनीलगत ठेवणे म्हणजे चांदणीचा मध्य पुराच्या हवाली करणे होय. मागच्या मोठ्या पुराची खूण कुठवर होती, हे गावात कोणालाही विचारा, आणि पेटी तिच्या वर ठोका. तिला छोटी बॅटरी जोडली, तर वीज गेली तरी काही वेळ काम चालते.

इथे एक इशारा. कडे चांगले असे आताच म्हटले. म्हणून हौसेने स्विचची एक तार काढून पुन्हा त्याच स्विचमध्ये खोचू नका, बरं का! कित्येकदा मोकळे लोंबणारे टोक दिसते आणि कोणीतरी ते सद्‌हेतूने रिकाम्या खाचेत बसवून टाकतो. मग काय होते? ‘सर्वांना कळवा’ असा निरोप पेटी सगळ्या तारांवर पाठवते. तो त्या वेटोळ्यातून फिरून पुन्हा पेटीत येतो. पेटी त्याला नवा समजून पुन्हा सगळीकडे पाठवते. अफवा गावभर फिरून सांगणाऱ्याच्याच कानी यावी आणि त्याने ती पुन्हा खरी मानून सांगत सुटावे, तसा हा प्रकार. काही क्षणांत सारे जाळे त्या एका निरोपाने भरून जाते आणि खऱ्या कामाला वाव उरत नाही. ह्यावर १९८५ साली रेडिया पर्लमन ह्या संगणकतज्ज्ञ बाईंनी तोड काढली. जाळ्यातल्या पेट्या आपापसांत बोलून कोणत्या जादा वाटा तूर्त मिटायच्या हे ठरवतात. म्हणजे कड्याचे तात्पुरते झाड होते, आणि चालू वाट तुटली की मिटलेली वाट उघडते. महाग पेट्यांत ही सोय असते, स्वस्त पेट्यांत बहुधा नसते. म्हणून दुसरी वाट ठेवायची ती जाणूनबुजून आणि ती हाताळणाऱ्या पेटीसह.

हा सारा विषय मुलांना संगणकाशिवाय शिकवता येतो. दहा मुले अंगणात उभी करा आणि सुतळीचे तुकडे द्या. आधी एका ओळीत सुतळी धरू द्या. एक चिठ्ठी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत हातोहात जाऊ द्या. सुतळी असेल तिथूनच चिठ्ठी जाणार, हा नियम. मग गुरुजींनी कात्रीने एक सुतळी कापायची आणि विचारायचे : आता कोणाकोणाला चिठ्ठी मिळत नाही? मुले मोजून सांगतील. मग कडे करा, पुन्हा एक कापा, पुन्हा मोजा. मग एका मुलाला मध्ये उभे करून चांदणी करा आणि एक सुतळी कापून झाल्यावर मधल्या मुलालाच खाली बसवा. कडे दोन ठिकाणी कापले तर काय होते, हे मुलांना आपण होऊन शोधू द्या. मधली मुले बाहेरच्यांपासून तुटतात, पण आपापसांत बोलू शकतात, हे त्यांच्याच ध्यानात येईल. पाचवीच्या मुलालाही हे कळते, आणि एकदा हाताने केलेले ते विसरत नाही.

मोठ्यांसाठी खेळ नाही, प्रश्न आहेत. ग्रामसभेत ‘‘आपल्याकडे नेट आले का?’’ एवढेच विचारून आपण थांबतो. त्याच्यापुढे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या पंचायतीची केबल तालुक्याकडून एका वाटेने येते की दोन वाटांनी? दोन असतील, तर त्या दोन निराळ्या रस्त्यांवरून आणि निराळ्या पुलांवरून येतात का? आणि मधली पेटी जिथे बसवली आहे, तिथे पुराचे पाणी चढते का, वीज गेल्यावर ती किती तास चालते? ह्या प्रश्नांची उत्तरे द्यायला मोठा तंत्रज्ञ लागत नाही. केबल टाकताना चर कुठून खणला, हे गावातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. शाळेच्या एखाद्या भिंतीवर गावचा नकाशा काढून त्यात ती रेघ, ते पूल आणि त्या पेट्या वरच्या वर्गातल्या मुलांकडून दाखवून घ्याव्यात. रस्त्याचे काम निघाले की ठेकेदाराला तो नकाशा आधी दाखवता येईल, आणि पावसाळ्यात ‘‘नेट नाही’’ असे कोणी म्हणाले, तर ते कुठे नाही, हे बोट ठेवून सांगता येईल.